बर्फातला बेसनलाडू

आधी कबूल करा की हसणार नाही, मगच सांगते. परवा माझी रात्रभर झोप उडाली ती एका अस्वलामुळे. तेही ध्रुवीय! आणि आम्ही राहतो कुठे? दुबईत, तेही ऐन जूनमध्ये!

झालं काय, आमच्या पहिलीतल्या रेवाला शाळेतून पोलर बेअरचा प्रोजेक्ट मिळाला. प्रोजेक्ट मुलांना मिळतो, पण वाचायचं आयांनी. मी वाचलं. मोकळं असताना हे अस्वल बर्फावरून मैलोन् मैल भटकतं. सील श्वास घ्यायला वर येईल म्हणून बर्फातल्या भोकापाशी तासन् तास दबा धरून बसतं. कातडीखाली चरबीची जाड गादी, त्यामुळे थंडीचं काही नाही, त्रास उकाड्याचाच. इथवर ठीक. पण पुढे काय, तर पिंजऱ्यात ठेवलं की काही अस्वलं येरझाऱ्या घालू लागतात. तीच वाट, तेच वळण, वळताना मानेला तोच झटका.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलेली रेवा काय करत होती? सोफ्यापासून बाल्कनीच्या काचेपर्यंत. काचेला हात. मानेला झटका. परत सोफा!

एसी घर, एसी बस, एसी शाळा, एसी मॉल. बाल्कनीचं दार मे महिन्यात बंद झालं ते आता दिवाळीलाच उघडणार. हा पिंजरा नाही तर काय? आणि पुण्यातली अंगणवाली शाळा सोडवून तिला इथे आणलं कोणी? मीच ना!

हॉलमधून चालता चालताच मी नवऱ्याला फोन लावला.

"अनिकेत, आपली मुलगी कैदेत आहे!"

"काय? कुठल्या पोलीस स्टेशनला?"

"आपल्याच हॉलमध्ये!"

पलीकडून हळूच, "मी मीटिंगमध्ये आहे गं. आईला दे बरं फोन."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, नाशिकहून व्हिजिटवर आलेल्या. त्यांचं निदान तयारच होतं. "चरबीवर जगतं ना ते अस्वल? मग पोरीला तूप घाल! मी कधीची सांगतेय."

निदान मोकळी हवा तरी मिळू दे म्हणून मी बाल्कनीचं दार सताड उघडलं. क्षणात चष्मा वाफेनं पांढराफटक! मी आंधळ्यासारखी चाचपडतेय आणि मागून सासूबाई, "लाव ते दार! अस्वल राहील बाजूला, आपली भरली वांगी होतील!"

दाराचा उपाय खलास. मग आठवलं, प्राणिसंग्रहालयात म्हणे अस्वलाला रमवायला बर्फात मासे गोठवून देतात. लादी फोडण्यात त्याचा वेळ जातो. आमच्या शाकाहारी घरात मासे कुठले? मी डबाभर पाण्यात गाजर, बेदाणे टाकले आणि मधोमध, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सासूबाईंनी आणलेला बेसनाचा लाडू.

सकाळी सासूबाईंनी फ्रीझर उघडला. "अगं, माझा लाडू बर्फात पुरलास? एवढा बिघडला होता तर तोंडावर सांगायचंस!"

आता त्यांना अस्वलाचं काय काय समजावणार, सांगा!

रेवाला मात्र लादी जाम आवडली. संध्याकाळी तिनं लाटण्यानं ठोकून ठोकून लाडू बाहेर काढला. मीही समजावलं, की अस्वलांनी सारख्या येरझाऱ्या घालू नयेत म्हणून त्यांना असा खाऊ देतात. लाडू संपला, हात धुतले... आणि परत सोफा, काच, झटका!

मला रडूच यायचं बाकी होतं. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "रेवा, सोन्या, तुला इथे कोंडल्यासारखं होतं का गं? म्हणून पोलर बेअरसारखी फिरतेस?"

रेवानं कपाळावर हात मारला, थेट आजीसारखा.

"मम्मा, आय ॲम नॉट अ बेअर! आय ॲम यू! व्हेन पापा इज स्टक इन ट्रॅफिक. यू गो लाइक धिस, देन यू लुक डाउन फॉर हिज कार."

तिनं काचेला हात लावला आणि मान खाली झटकली. हुबेहूब मी!

मागे सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. मी घड्याळाकडे पाहिलं. अनिकेतची यायची वेळ टळून गेली होती आणि माझे पाय आपोआप काचेकडे वळले होते.

रेवानं माझा हात धरून मला सोफ्यावर बसवलं आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "डोन्ट वॉक, मम्मा. आय विल मेक यू अ लाडू आइस."