संत्र्याला भिलाई मानवेना

नागपूरहून सुटलेली गाडी दुर्ग मागे टाकून भिलाईच्या पावर हाउस स्टेशनला थांबली, आणि मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून उडीच घेतली! ऊन, पाऊस आणि माती पाहून कुठल्या पट्ट्यात कोणतं झाड जगेल, ते आमच्या झाडं लावणाऱ्या गटाने त्यात रंगवलं होतं. जिकडेतिकडे एकाच ट्रकमधून एकच गुलमोहर वाटणाऱ्यांच्या तोंडावर मारावा असा नकाशा.

ऑटोने जुनवानीला, रंजनाकाकूंच्या घरी पोचले. काकूंनी "जय भीम" म्हणत पोहे-जलेबी पुढे केली. काका स्टील प्लांटमधून निवृत्त; झाडांसाठी मला त्यांनीच बोलावलेलं. घरामागचं मैदान म्हणजे भाठा (मुरमाड, पाणी न धरणारी जमीन). तिथली रोपं दोनदा वाळलेली. यंदाही वाळली, तर सोसायटी तिथे गाड्यांसाठी काँक्रीट ओतणार. बायांना संध्याकाळी बसायला जागा तेवढीच!

मैदानात खड्डे तयार होते. शेजारी काय? संत्र्याची रोपं! विदर्भातून आलेली ही माणसं माहेरी गेली की हेच घेऊन परततात.

"काकू, मागच्या वेळी काय लावलं होतं?"

"संत्राच. कावून?"

मी नकाशा पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवले. "हा तांबडा पट्टा तुमचा. संत्र्याला खोल काळी माती लागते, विहिरीचं पाणी लागतं. इथे चार (चारोळीचं झाड), तेंदू, मोह. बास!"

"मले शिकवून राहिली का? माह्या भावाच्या बगीच्यातलं आहे ते!"

"मग भावाचा बगीचाच उचलून आणा!"

काका खो-खो हसले. "और लगाओ संत्रा! मग पार्किंगवर फुलं वाहू."

काकू हसल्या नाहीत. रोपांजवळ बसून राहिल्या. मग उठून म्हणाल्या, "आन तुहा चार. पण पाणी मीच घालीन."

रोपवाटिकेत धावलो. दिवस मावळायच्या आत मैदान भरलं! शेजारीण ओरडली, "काकू, चारोळीची खीर कधी?"

"तुह्या नातवाच्या बारशाले!"

निघताना काकूंनी संत्र्याचं एक रोप माझ्या हातात ठेवलं. "तुह्या नकाशात याची जागा आहे ना? मग ने. मेलं तर फोन करू नको."

गाडीत ते मांडीवर घेऊन बसले. साऱ्या जगाला झोडपणारी पत्रकं मी लिहिली आहेत. चुकीच्या जागी झाड लावू नका, असं बजावताना समोरच्याच्या हातून काय सुटतं, हे त्यातल्या एकातही नाही.

काटोलला मैत्रिणीची काळी माती आहे, विहीर आहे. पहाटे नागपूरला उतरले ती घरी गेलेच नाही, थेट काटोलची बस धरली.