कोबेच्या बंदरात विसरलेला बाळकृष्ण

माझी श्रद्धा खरी आहे की नुसती सवय, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही. लग्नात आईने अन्नपूर्णेबरोबर एक रांगता बाळकृष्ण दिला, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, आणि बजावलं, "साखरेचा दाणा दाखव, पण त्याला उपाशी ठेवू नकोस." इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या घरात पंधरा वर्षं मी तेवढं पाळत आले, भक्तीपेक्षा धास्तीनेच जास्त. ऑफिसच्या कामाने कुठेही गेले तरी कापूस घातलेल्या स्टीलच्या डबीतून त्याला बरोबर न्यायचे, कारण नवऱ्यावर विश्वास नव्हता. तो आठवणीने रोज विसरला असता.

गेल्या वर्षी ओसाकाला आठवडाभराचं काम होतं. ते संपवून मी तिथूनच पुण्याला जाणार होते. आईच्या पोटातली गाठ काढायची होती, आणि ती कसली आहे हे पोट उघडल्यावरच कळणार होतं. ऐन वेळी डॉक्टरांनी ऑपरेशन दोन दिवस अलीकडे घेतलं आणि मला आधीचं विमान मिळेना. त्यातून तोच दिवस मला सुट्टीचा. आई फोनवर म्हणाली, "तू इथे बसून काय करणार होतीस? जा, एखादं बंदर बघून ये. मला बोटींचे फोटो पाठव." तिच्या आवाजात भीती नव्हती, म्हणून मला जास्तच भीती वाटली. हॉटेलच्या खोलीत भिंतीकडे बघत बसवेना, तेव्हा सकाळच्या ट्रेनने मी एकटीच कोबेला गेले.

बंदर सुंदर असावं. लाल मनोरा होता, पांढऱ्या बोटी होत्या, लख्ख ऊन होतं. मी सगळ्यांचे फोटो काढले आणि दर दोन मिनिटांनी धाकट्या भावाचा मेसेज आलाय का ते पाहिलं. बाराच्या सुमाराला धक्क्याजवळच्या एका कॅफेत शिरले. गोड डाळीचं सारण भरलेला पाव घेतला, चव पुरणाच्या जवळची म्हणून. ट्रेवर बाळकृष्णाला ठेवलं, पावाचा तुकडा समोर ठेवला, पाणी फिरवलं आणि वरून कागदी रुमाल झाकला. देव जेवताना बघायचं नाही, ही आईचीच शिकवण. तेवढ्यात फोन थरथरला. "ताई, आईला आत नेलं."

मी ताडकन उठले. तिथे सगळे आपापला ट्रे उचलून कोपऱ्यातल्या फळीवर नेऊन ठेवतात. आपल्याला कुणी गचाळ म्हणू नये म्हणून मीही गेले चार दिवस ते इमानेइतबारे करत होते. तसाच तो ट्रे, त्यावरचा कागदी रुमाल आणि रुमालाखालचा देव फळीवर ठेवून मी बाहेर पडले.

थोडं पुढे, १९९५च्या भूकंपात मोडलेला धक्क्याचा एक तुकडा तसाच राखून ठेवला आहे. दिव्याचे खांब अजून तिरके उभे आहेत. तिथे कठड्याला टेकून मी वाट बघत राहिले. दोन तास झाले, मेसेज नाही. देवाला हातात धरावं म्हणून डबी उघडली, तर नुसता कापूस.

मी एरवी शकुन-अपशकुन मानत नाही. त्या क्षणी सगळे मानले. आईचा देव मी आजच, याच वेळी, खरकट्यात टाकून आले होते, आणि याचा अर्थ एकच होता असं मला वाटलं. रडत परत फिरले, तर काचेचे कॅफे एकासारखे एक. पहिल्यात फळी वेगळीच होती. दुसऱ्यातल्या मुलीने मोबाइलवरचं भाषांतर वाचून वाकून माफी मागितली. मग मोबाइल बंद पडला. चार्जर हॉटेलवर. आता भावाचा मेसेज आला तरी मला कळणार नव्हता. मी रस्त्यातच उभी राहून म्हटलं, "माझ्याच्याने आता काही होत नाही. तिलाही तूच बघ, आणि स्वतःलाही." ही प्रार्थना नव्हती. मी खरोखर दमले होते.

तिसऱ्या कॅफेत साठीच्या एक बाई टेबलं पुसत होत्या. मला एक शब्द सुचेना. शेवटी मी चक्क जमिनीवर गुडघे टेकले, एक हात फरशीवर ठेवला आणि दुसरा लोण्याच्या गोळ्यासाठी उचलतात तसा वर केला. लोक बघत होते. बाईंनी फडकं खाली ठेवलं, मला दंडाला धरून उठवलं आणि काउंटरमागे नेलं.

तिथल्या फळीवर पांढऱ्या हातरुमालाची घडी होती. तिच्यावर बाळकृष्ण, पुसून लख्ख केलेला. पुढे छोट्या बशीत ताज्या पावाचा तुकडा आणि इवल्याशा कपात चहा. त्याला उचलण्याआधी बाईंनी हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या, आणि दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत दिला. मी त्यांच्या पाया पडले. त्या घाबरून मागे सरकल्या आणि मग हसल्या.

ओसाकापर्यंतच्या ट्रेनमध्ये काळजी होतीच, ती गेली असं म्हणणं खोटं होईल. पण एक गोष्ट मनात येत राहिली. आई आणि तिचा देव, दोघंही त्या दुपारी परक्या हातांत होते. त्यातल्या एकाला तर माझ्यापेक्षा जास्त मायेने सांभाळलं होतं. मग दुसरीचं काय होईल हे मीच का ठरवत होते?

हॉटेलवर फोन चार्जिंगला लावला. भावाचे दोन मेसेज होते. पहिला, "गाठ साधी दिसतेय असं डॉक्टर म्हणाले." दुसरा त्यानंतर तासाभराचा. "ताई, आई शुद्धीवर आली. पहिलं काय विचारावं? बाळकृष्णाला जेवू घातलंस का म्हणून."

मी लिहिलं, "जेवला म्हणावं. चहासुद्धा प्यायला."

हे कसं झालं याचा मी खल करत नाही. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही. रोज नैवेद्य दाखवताना त्यांच्यासाठी हात जोडते, एवढंच. आता कामासाठी बाहेर जाते तेव्हा डबी बरोबर नेत नाही. देवाला घरी नवऱ्यावर सोपवते. तो एखाद्या दिवशी विसरत असेल. मी विचारत नाही.