कोंबड्या कुठं दारू पितात?

परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात मी कोंबड्यांच्या लिव्हरवर संशोधन करत होते, त्याच वर्षी माझ्या वडिलांच्या लिव्हरवर चरबी निघाली.

देवगाव फाट्यावर बाबांचं हॉटेल आहे. पत्र्याचं शेड, चार बाकडी, सकाळी जिलबी, दुपारनंतर भजी आणि दिवसभर चहा. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. त्यांचा धाकटा भाऊ दारूनंच गेला होता. शेवटच्या दिवसांत काकाचं पोट फुगलं होतं आणि डोळे पिवळेजर्द झाले होते. ते बाबांनी जवळून बघितलं. त्यानंतर पिऊन आलेल्या माणसाला ते हॉटेलात पाणीसुद्धा बाहेर उभं करूनच द्यायचे. त्यावरून भांडणं झाली, गिऱ्हाइकं तुटली, पण बाबा बधले नाहीत.

पोटात उजव्या बाजूला जड वाटतं म्हणून त्यांनी सेलूला सोनोग्राफी केली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"तुझे बाबा हॉटेलात जाईनात. सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडलेत."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते म्हणले, लिव्हरवर चरबी हाय, घाबरू नका. पण फाट्यावर कुणीतरी बोललं, लिव्हरचं दुखणं म्हणजे चोरून घेत असतील. यांच्या कानावर गेलं ते."

मी म्हणाले, "त्यांना इकडं पाठव." आई म्हणाली, "पाठवीन, पण तू त्यांच्यासमोर काकाचं नाव काढू नको."

फोन ठेवला आणि मी कॉलेजातल्या कोंबड्यांच्या शेडवर गेले. माझं काम असं होतं: ब्रॉयलर पिल्लू वाढताना त्याच्या लिव्हरमधली कोणती जनुकं जागी होतात आणि त्यामुळं अंगावर चरबी कशी चढते, ते बघायचं. कोंबडीची बरीचशी चरबी लिव्हरमध्येच तयार होते. मका पोटात गेला की त्याची साखर होते, आणि गरजेपेक्षा जास्त झालेल्या साखरेची लिव्हर चरबी बनवतं. मग ती रक्तातून जाऊन पोटात आतड्यांभोवती साठते. चिकनच्या दुकानात आपण जो पिवळा गोळा काढून टाकायला सांगतो, तो हाच. माझ्याकडं पिल्लांचे दोन गट होते. एकाला दिवसभर पोटभर खाद्य, दुसऱ्याला लहानपणी थोडे दिवस मोजून. दोन्हींच्या लिव्हरमध्ये काय फरक पडतो, हा माझा प्रश्न.

इतके महिने हा प्रश्न मला फक्त कोंबडीचा वाटत होता.

बाबा आले ते सकाळच्या बसनं. हातात पिशवी, पिशवीत आईनं दिलेल्या भाकरी. चेहरा उतरला होता. स्टँडवर मला बघून ते आधी इकडंतिकडं बघू लागले, कुणी ओळखीचं तर नाही ना म्हणून.

परभणीतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, पोट तपासलं आणि विचारलं, "चहा किती घेता?"

"चहा न्हाई घेत मी," बाबा म्हणाले. "हॉटेल हाय माझं. नुसता चाखतो."

"प्रत्येक पातेलं चाखता?"

"चाखावाच लागतो ना. गिऱ्हाईक बोंबलतं."

"आणि जिलबी?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. "पाक बरोबर उतरला का ते कळावं लागतं," ते हळूच म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की साखर कमी करा, रोज चाला, वजन उतरवा, काही महिन्यांनी पुन्हा या. बाबांनी मान हलवली, पण बाहेर आल्यावर जिन्यातच थांबले. "मला बरं वाटावं म्हणून बोलत असतील," ते म्हणाले. "तुझ्या काकाला बी पहिल्यांदा असंच सांगितलं होतं."

आईनं जे नाव काढू नको म्हणून बजावलं होतं, ते त्यांनीच काढलं. मला कॉलेजात जाणं भाग होतं, कारण त्या दिवशी नमुने घ्यायचे होते. जुन्या बॅचच्या वाढलेल्या कोंबड्या होत्या आणि नव्या बॅचची नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लंही आली होती. मी बाबांना सोबत घेऊन गेले, वाटेत माझं काम काय ते सांगितलं आणि व्हरांड्यात बसवलं.

नमुने घेताना फार घाई असते. लिव्हरचा वाटाण्याएवढा तुकडा कापायचा आणि लगेच अतिथंड द्रव नायट्रोजनच्या डब्यात सोडायचा. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाला येणाऱ्या डॉक्टरांच्या मोटरसायकलला जो डबा बांधलेला असतो, तसाच डबा. उशीर झाला तर जनुकांचा निरोप, म्हणजे कोणतं जनुक किती जागं होतं ती खूण, विरून जातो आणि पुढं काहीच वाचता येत नाही. मी कामात बुडाले होते. शेवटचा तुकडा टाकून झाकण लावलं, मान वर केली, तर बाबा दारात उभे होते. मॅडम त्यांना आत बोलावत होत्या. मॅडम म्हणजे माझ्या गाईड. त्यांना मी सकाळीच सगळं सांगितलं होतं.

"या ना," त्या म्हणाल्या. "मुलगी काय करते ते बघा."

टेबलावर दोन ट्रे होते. एकात वाढलेल्या कोंबड्यांचं लिव्हर, तपकिरी-लाल. दुसऱ्यात त्या नव्या पिल्लांचं, इवलंसं, पिवळंधमक. बाबा पिवळ्या ट्रेजवळ थबकले.

"ह्ये आजारी होते का?"

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "पिल्लू अंड्यातल्या बलकावर वाढतं. बलकातली चरबी लिव्हरमध्ये भरून राहते, म्हणून जन्मताना पिवळंच असतं. थोड्या दिवसांत ती चरबी वापरली जाते आणि लिव्हर लाल होतं."

"आपोआप?"

"आपोआप."

बाबांनी ट्रेवर वाकून बघितलं. मग त्यांनी मला विचारलं, "आन् मोठेपणी पुन्हा चरबी चढती म्हणालीस ना तू?"

"हो. सारखं मक्याचं खाद्य मिळालं की चरबी बनवणारी जनुकं जोरात कामाला लागतात."

"ह्या कोंबड्या तर पीत न्हाईत."

"कोंबड्या कुठं दारू पितात, बाबा?"

हे मी बोलले आणि बाबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांत पाणी आलं. मॅडमही हसू लागल्या. मी हातमोजे घातलेल्या हातांनी तशीच उभी राहिले, कारण मला त्यांचे डोळे पुसता येत नव्हते.

"पण बाबा," मी नंतर सांगितलं, "माणसाचं सगळं कोंबडीसारखं नसतं. पिल्लाचं आपोआप होतं. तुम्हाला करावं लागेल."

"कळलं मला," ते म्हणाले. "मी काय पिल्लू हाय का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉटेल उघडलं. आई सांगायची की येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून ते लिव्हरबद्दल बोलतात. एकदा मी गेले तेव्हा स्वतः ऐकलं. एक टेम्पोवाला बाकड्यावर बसला होता आणि बाबा त्याला समजावत होते, "कोरोनात नाकात काडी घालून जी मशीन चालवायचे ना, तसल्याच मशीनवर माझी पोरगी कोंबडीचं लिव्हर तपासायलीय. साखरेनंच चरबी होती. मी दारू न पिता माझं झालं, तुझं बी होईल." टेम्पोवाला भजं हातात धरून बसला होता, खावं की ठेवावं कळेना त्याला.

चहा आणि पाक चाखणं मात्र सुटायला त्रास झाला. शेवटी ते काम आईनं घेतलं. ती एक थेंब तळहातावर घेऊन चाखते आणि सांगते. बाबा म्हणायचे तिला पाकातलं काही कळत नाही, आणि गिऱ्हाइकं म्हणायची जिलबी सुधारली. त्यावर दोघांचं काही दिवस बोलणं बंद होतं. बाबा सकाळी उजाडताना सेलूच्या रस्त्यानं चालायला जाऊ लागले. सुरुवातीला एकटे, नंतर फाट्यावरचा पंक्चरवाला सोबत.

माझे निकाल पावसाळ्यात आले. मशीनच्या पडद्यावर रेषा वर चढताना दिसल्या. मोजून खाल्लेल्या गटाच्या रेषा उशिरा चढल्या, म्हणजे चरबी बनवणारी जनुकं त्यांच्यात कमी जागी होती. वजनात मात्र ती पिल्लं शेवटी जवळजवळ बरोबरीला आली होती. मी लगेच बाबांना फोन लावला.

"म्हंजे कमी खाल्लं की ते बंद होतं?" त्यांनी विचारलं.

"बंद नाही होत. मंद होतं."

"मंद तर मंद," ते म्हणाले. "आपल्याला कुठं घाई हाय?"

पुन्हा सोनोग्राफीला ते परभणीतच आले, आणि या वेळी आईही होती. डॉक्टरांनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवला. चरबी गेली नव्हती, पण चांगली उतरली होती. "असंच चालू ठेवा," ते म्हणाले. बाबांनी विचारलं की फाट्यावर दाखवायला हे लिहून मिळेल का, आणि आईनं त्यांना कोपरानं ढोसलं.

दवाखान्यातून आम्ही तिघं पायी निघालो. ऊन उतरलं होतं. रिक्षावाले थांबून विचारत होते आणि बाबा प्रत्येकाला नको म्हणत पुढं चालत होते. आई मागं पडली, की ते थांबायचे, पण वळून बघायचे नाहीत. एका वळणावर त्यांनी मला विचारलं, "आता पुढं काय शिकणार?"

मी सांगितलं की पीएचडीसाठी लांब जावं लागेल, कदाचित राज्याबाहेर. आईच्या चेहऱ्यावर काळजी आली. बाबा चालत राहिले.

"गावरान कोंबडीचं बघितलंय का कुणी? तिच्या अंगावर चरबी का चढत न्हाई ते?"

"थोडंफार बघितलंय. अजून बरंच बाकी आहे."

"मग ते बघ," ते म्हणाले, आणि आईला म्हणाले, "पोरीला जाऊ दे. आपण दोघं येत जाऊ भेटायला. रेल्वेत बसून मला जमाना झालाय."