वेसाव्याच्या वाळूत गेलेली पिकअप

ती गाडी गंजून मेली नाही. भंगारातही गेली नाही.

दोन सख्ख्या भावांनी तिला बुडवलं. मी तिथे उभी होते.

काल माझ्या भाच्याने घरातला एक जुना फोटो जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून माझा फोन थांबत नाहीये.

फोर व्हील ड्राइव्ह पिकअप. लिमिटेड एडिशन. या मॉडेलच्या मुळात मोजक्याच निघाल्या म्हणे, आणि आपल्याकडे आल्या त्या त्याहून कमी. कुणी विचारतंय इंजिन कुठे आहे. कुणी म्हणतंय चेसिस तरी मिळेल का. एकाने रडका इमोजी टाकून विचारलं, "आंटी, अशी rare गाडी तुम्ही जाऊ कशी दिली?"

मी नाही दिली रे बाबा. ऐका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अंधेरीचं वेसावे. आम्ही कोळी.

माझ्या बापाची एक होडी होती आणि एक धाकटा भाऊ होता, पांडूकाका. होडीवर बापाचा जीव होता. भावाशी बोलणं बंद होतं.

भांडण समुद्रात जाळं बांधायच्या जागेवरून. समुद्र एवढा मोठा, पण दोघांना एकाच ठिकाणी खांब रोवायचा होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मे संपत आला की होड्या वाळूवर ओढून पावसाळ्यासाठी शाकारून ठेवायच्या. एका घराचं ते काम नाही, अख्खी गल्ली लागते. म्हणून मालकाने दारोदार जाऊन हाक मारायची. पहिली हाक सख्ख्या भावाच्या दारात. दोराचं पहिलं टोक त्याचं.

ते दार चुकवून पुढे गेलात, तर पुढचा विचारणार, "भावाला सांगितलंस?"

आणि हाक आली की नाही म्हणायचं नाही. वर्षभर तोंड बघितलं नसलं तरी यायचं. कितीतरी भांडणं अशी दोर ओढता ओढता मिटलेली मी पाहिली आहेत.

माझ्या बापाला मिटवायचं नव्हतं.

म्हणून त्याने गाडी आणली.

मुलुंडच्या एका खाणवाल्याने ती परदेशातून मागवली होती. त्याची खाण बंद पडली आणि गाडी आमच्या दारात आली. हिरवी, चौकोनी तोंडाची, मागे लाकडी हौदा. लो गिअर टाकला की घरं हलायची. मी कॉलेजात होते. पुढच्या सीटवर बसून अंधेरी स्टेशनपर्यंत जायचे तेव्हा लोक वळून बघायचे, आणि मला ते जाम आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पहिल्या वर्षी बापाने होडीला दोर बांधला, गाडीला लावला आणि एकट्याने होडी वर काढली.

"मना कोनाची गरज नाय," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

पांडूकाका लांब उभा राहून बिडी ओढत होता.

हातांनी ओढायची तर भरतीची वाट बघावी लागते. पाणी होडीला जमेल तितकं वर आणतं, पुढचं माणसं बघतात. बापाला वाट बघायची गरज राहिली नव्हती. ओहोटीलाच गाडी खाली न्यायची, होडी उचलून आणायची. दोनतीन वर्षं झकास चाललं.

मग एका वर्षी तो जरा जास्तच खाली गेला. तिथे वर वाळू दिसते, खाली चिखल असतो. पोराटोरांना माहीत असलेली गोष्ट.

ग्रुपमधल्या एक्स्पर्ट मंडळींसाठी सांगते. चारही चाकं एकदम ओढतात, तशी ती एकदम रुततातही.

बापाने रेस दिली. गाडी आणखी खाली बसली.

आणि भरती लागली.

बघता बघता किनाऱ्यावर अख्खी गल्ली जमली. दोर होते, फळ्या होत्या, माणसं होती. कुणी पुढे होईना. हाकेशिवाय कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. सगळ्यांच्या पुढे पांडूकाका, गुडघाभर पाण्यात, खांद्यावर दोर घेऊन.

तो तयारीनिशी आला होता. फक्त बोलावणं हवं होतं.

माझी आई पाण्यात शिरली. "अवो, हाक मारा त्याला. गाडी जाल."

बाप स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला.

"अवो, तुमचाच भाव हाय ना तो?"

पाणी सीटला लागलं तेव्हा तो उतरला. पांडूकाकाच्या अगदी बाजूने चालत गेला. दोघांचे खांदे लागले असतील. हाक काही मारली नाही.

होडी पाण्यावर तरंगली, तिला काही झालं नाही. गाडी टपापर्यंत गेली. नंतरच्या ओहोटीला थोडी दिसली, मग उधाण आलं, मग पावसाळा. सप्टेंबरात तिथे नुसती वाळू होती.

म्हणजे बघा, चेसिस आहे. खणायची तयारी असेल तर या.

त्याच पावसाळ्यात पांडूकाका गेला. कावीळ झाली होती. बाप मयतीला सगळ्यात मागे उभा होता.

पुढचा मे आला. होडी वर काढायची होती आणि गाडी नव्हती.

बाप सकाळी निघाला. मी मागोमाग गेले, कारण मला त्याची काळजी वाटत होती. तो पांडूकाकाच्या दारात गेला.

मग त्याने हाक मारली.

"पांडू, चल रे. होडी काढायची हाय."

काकीचं नाव नाही घेतलं. पांडूचंच घेतलं.

आत भांडी घासल्याचा आवाज थांबला. काकी बाहेर आली. पदर खोचला, हात पुसले. बाया आमच्याकडे दोराला हात लावत नाहीत.

"चला," ती म्हणाली.

पहिलं टोक तिने धरलं. तिच्यामागे गल्लीतल्यांनी दोर धरला. बाप रडत होता आणि ओढत होता.

तुम्ही लोकांनी काल गाडीला फुलं वाहिलीत, हार्ट दिलेत. तिचा मान आहे, वाहा.

माझं फूल पांडूकाकाला.