हिराबाई रडत नव्हती

फरीदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाडीत उभी राहून नारळ उतरवून घेत होते. फोन तिच्या भाच्याचा, जुनैदचा. "मावशी, खाला गेली," एवढंच तो म्हणाला. नागावहून मुरूड, मुरूडहून आगरदांडा आणि तिथून फेरीबोटीने पलीकडे दिघी, हा रस्ता मी आयुष्यभर तिच्याशी भांडायला नाहीतर तिच्या हातची सांदणं खायला म्हणून केला. त्या दिवशी पहिल्यांदाच बोटीवर मला कसलीच घाई नव्हती. पोहोचले तेव्हा घरातल्या बायका कुराण वाचत बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. तिथे मी रडले नाही, घरी परतल्यावरही रडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. तिच्या निधनाची बातमी होती, आणि बातमीशेजारी तिचा तो गाजलेला फोटो. गुडघाभर पाण्यात उभी असलेली कोळीण, हात वर, तोंड उघडं, मागे खवळलेला समुद्र. खाली ओळ होती, 'दर्याने गिळलेल्या पतीसाठी टाहो'. रडू यायच्या आधी मला राग आला. तो अजून उतरलेला नाही, तेव्हा या लेखात कुणी मऊ सूर शोधू नये.

कारण ती बाई रडत नव्हती, आणि तिच्या नवऱ्याला दर्याने गिळलेलं नव्हतं. हे सांगण्यात फरीदाची तीसेक वर्षं गेली.

फरीदा आणि मी अलिबागच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो, तिथली ही ओळख. ती दिघीची. आमची नागावला नारळ-सुपारीची वाडी. तिचे अब्बा कुवेतला नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी घरातल्या लग्नांचे फोटो काढायला म्हणून कॅमेरा आणला, आणि फरीदाने त्या कॅमेऱ्याने एकाही लग्नाचा फोटो धड काढला नाही. नवरा-नवरी स्टेजवर बसलेले आणि ही मागे बिर्याणीच्या डेगीपाशी घाम पुसणाऱ्या माणसाचे फोटो काढतेय. मासळी बाजारातली भांडणं, मिठागरात काम करणाऱ्या बायकांच्या भेगाळलेल्या टाचा, असलं काय काय तिला दिसायचं. तिची अम्मी वैतागून म्हणायची, "सगल्या दुनियेचा फोटो हाय हिच्याकडं, घरच्यांचा तेवढा न्हाय!" पुढे मुंबईच्या एका दैनिकाने तिला रायगडातून फोटो पाठवायचं काम दिलं. ती स्कूटरवरून जिल्हाभर हिंडायची, रोल मुंबईच्या एसटीत कंडक्टरकडे सोपवायची आणि सोबत चिठ्ठीवर कोणत्या फोटोत काय आहे ते लिहून द्यायची. 'बाईमाणूस हे काम कशी करणार' असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं, "भाईसाब, कॅमेरा चालवायला दाढी लागत नाही."

तो फोटो पावसाळा सरतानाचा. हवा बिघडलेली, आणि मुरूडच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातल्या हिराबाईच्या नवऱ्याची होडी इंजिन बंद पडून खाडीच्या तोंडाशी अडकली होती. किनाऱ्यावरून ती दिसत होती. पुरुषमंडळी वाळूत उभी राहून पोलिसांच्या बोटीची वाट बघत होती. कुणी म्हणे लाटा जरा बसू देत, कुणी म्हणे ओहोटी लागू दे. हिराबाईने थोडा वेळ हे ऐकून घेतलं. मग ती पाण्यात शिरली, किनाऱ्याकडे तोंड करून वळली आणि तिथे उभ्या असलेल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. फरीदाने टिपला तो हा क्षण. शरमेने म्हणा, तिच्या तोंडाच्या धाकाने म्हणा, काही जणांनी होडी लोटली आणि ते हिराबाईच्या नवऱ्याला त्याच्या जोडीदारासकट जिवंत घेऊन आले. फरीदाने चिठ्ठीवर हे सगळं लिहून पाठवलं होतं. मुंबईत ती चिठ्ठी कुणी वाचली की तिच्यावर चहाचा कप ठेवला, कोण जाणे. पेपरने हिराबाईला विधवा करून टाकलं.

पेपर आला त्या दिवशी हिराबाईच्या माहेरची माणसं एसटीतून उतरल्यापासूनच गळा काढत कोळीवाड्यात आली. दार उघडलं ते नवऱ्याने, तोंडात भाकरीचा घास. हा प्रसंग फरीदा इतका रंगवून सांगायची की आम्ही पोट धरून हसायचो, पण ती स्वतः कधी हसली नाही. कारण दुसऱ्या दिवशी ती कोळीवाड्यात गेली तेव्हा हिराबाईने तिला उंबऱ्यातच थांबवलं होतं.

"मी रडत व्हती काय गो? सांग ना! ते सगले बघे उभे व्हते, मी एकलीच वरडत व्हती. आन् तू मनाच रडकी केलीस?"

"ते मी नाही लिहिलं, हिराबाय."

"फोटू तुजाच हाय ना? मंग त्याला आवाज पन तूच दे."

फरीदा मुंबईला जाऊन संपादकांना भेटली. ते म्हणाले, त्या ओळीमुळेच तर फोटो काळजाला भिडतो. दुरुस्ती छापून आली नाही. उलट त्या फोटोला मोठं बक्षीस मिळालं. मी त्या समारंभाला हजर होते. निवेदकाने कोकणच्या भगिनींच्या वेदनेवर बरंच काही म्हटलं, समोरच्या बायकांनी रुमाल काढले, आणि फरीदा माइकपाशी जाऊन म्हणाली, "ही बाई रडत नाहीये, शिव्या देतेय. ज्यांना देतेय ते या फोटोच्या चौकटीबाहेर उभे आहेत. तिचा नवरा घरी सुखरूप आहे. हे बक्षीस खोट्याला आहे, मला नको." सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. मी वाजवली, पण एकटीची टाळी फार विचित्र ऐकू येते. त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली. घरच्यांनी तिच्या लग्नासाठी जपलेलं सोनं तिने भांडून मागून घेतलं, मोडलं आणि व्हिडिओ कॅमेरा आणला. अम्मी महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

मग तिने माहितीपट केले. न्हावा शेव्याला कंटेनर ओढणाऱ्या ट्रकचालकांवर, मिठागरं गेल्यावर रिकाम्या झालेल्या हातांवर, नवरे आखातात असलेल्या आणि फोनवर संसार करणाऱ्या बायकांवर. तिच्या कामाची एक रीत होती आणि ती तिने कुणासाठीही मोडली नाही. फिल्म तयार झाली की ती पहिल्यांदा दाखवायची ती जिथे चित्रित केली त्याच गावात, ज्यांची केली त्यांनाच. पडदा म्हणजे माझ्या आईची पांढरी डबलबेडची चादर. पहिल्या खेपेला उसनी म्हणून नेली ती कायमचीच. तिच्या वरच्या कोपऱ्यात कोकमाच्या आगळाचा डाग होता, त्यामुळे फरीदाच्या प्रत्येक फिल्ममधल्या आभाळात गावकऱ्यांना एक तांबडा ढग दिसायचा. पडद्यावर असलेल्या कुणीही मध्येच उठून 'थांबव' म्हणावं, की ती थांबवायची. मग वाद व्हायचा. कधी ती दृश्य काढायची, कधी समोरच्याला पटवायची, पण कुणाच्या मनाविरुद्ध एक दृश्यही तिने पुढे नेलं नाही. मोठमोठ्या महोत्सवांची माणसं म्हणायची, असं केल्याने फिल्मची धार जाते. ती म्हणायची, "चादरीवर पास झाली की मग तुम्ही खुशाल नापास करा."

एकदा एका खाडीत होणाऱ्या जेट्टीवरची फिल्म होती. आदल्या दिवशी गाडीतून काही माणसं येऊन 'ताई, जपून' असं सांगून गेली होती. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी चादर बांधली. फिल्म सुरू होऊन जेमतेम पहिला माणूस बोलायला लागला आणि अख्ख्या वस्तीची वीज गेली. शेजारच्या वस्तीतले दिवे चालू होते, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. लोक उठायला लागले. फरीदा अंधारलेल्या चादरीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बसा! पडदा गेला, तुम्ही तर इथेच आहात. पांडूदादा, तुमचं वाक्य अर्धं राहिलंय." पांडूदादा उठला आणि त्याने ते वाक्य पुरं केलं. मग त्याच्या शेजारची बाई उठली, मग तिची सून. फिल्ममध्ये जे जे बोलले होते ते एकेक करून उठले आणि आपलं आपलं बोलले. मी इतक्या फिल्म पाहिल्या, त्या संध्याकाळसारखी एकही पाहिली नाही. ती जेट्टी पुढे झालीच, हेही इथे सांगितलं पाहिजे. फरीदा हरलेल्या लढायांची यादी करत बसणारी नव्हती. दुसऱ्या वर्षी ती त्याच जेट्टीवर कॅमेरा घेऊन उभी होती.

आजार कळला तेव्हा ती म्हणाली, "सुलू, आता हिराबायचं देणं राहिलंय." केमोच्या खेपा चुकवून ती त्या कोळीवाड्यात जाऊन बसायची. डोक्याला ओढणी, हातात कॅमेरा. डॉक्टर रागवायचे, मी रागवायचे. तिने आम्हां दोघांनाही दाद दिली नाही. फिल्म पुरी झाली, जुनैदने तिच्या डोळ्यांदेखत संकलन संपवलं. चादरीवर दाखवायचं तेवढं राहून गेलं...

महिन्याभराने मुंबईत एका संस्थेने तिची स्मृतिसभा ठेवली. शेवटची फिल्म तिथेच पहिल्यांदा दाखवायची असं त्यांनी परस्पर ठरवून पत्रिकाही वाटल्या होत्या. सभागृहाच्या दाराशी पोहोचले. दारावर भिंतभर फलक. हिराबाई, उघडं तोंड, आणि खाली ठळक अक्षरांत 'आक्रोश'. मी संयोजकांना म्हटलं, हा फलक उतरवा. ते फार नम्र होते. "मॅडम, लोक त्यांना याच चित्राने ओळखतात." मी म्हटलं, "म्हणूनच उतरवा." आणि फिल्म आज इथे दाखवायची नाही, असंही सांगितलं. त्यांनी जुनैदकडे पाहिलं. त्या मुलाला पुढे याच लोकांत काम करायचं आहे, हे त्यालाही कळत होतं, मलाही. तो म्हणाला, "खालाची रीत आहे. आधी चादर." आणि त्याने फिल्मची डिस्क बॅगेत परत ठेवली. मी माइकपाशी जाऊन बक्षीस नाकारताना फरीदाने म्हटलेली वाक्यं तशीच्या तशी म्हटली. या वेळी टाळ्या बऱ्याच पडल्या, फलक मात्र सभा संपेपर्यंत उतरला नाही. मेलेल्या माणसाला हार घालायची लोकांना फार हौस, पण त्याचं म्हणणं ऐकायचं म्हटलं की कुणाला वेळ नसतो. फरीदाला गप्प बसवता आलं नाही, आता ती आपोआप गप्प झाली असं यांना वाटत असेल तर आम्ही आहोत.

गेल्या रविवारी दिवेलागणीला कोळीवाड्यात चादर बांधली. जुनैदने एक टोक धरलं, मी दुसरं. हिराबाई आता वाकली आहे. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, म्हातारा होऊन, बिछान्यात. ती पुढेच बसली होती. फिल्म सुरू झाली आणि पहिलंच दृश्य म्हणजे तो फोटो, निव्वळ फोटो, आवाज काहीच नाही. फरीदाने तो तसाच बराच वेळ ठेवला आहे. मला वाटलं, जुनैदकडून आवाज जोडायचा राहिला की काय. एवढ्यात हिराबाई उठली.

"थांबव."

जुनैदने थांबवलं. ती काठी टेकत चादरीपाशी गेली, तरुण हिराबाईच्या शेजारी उभी राहिली आणि आमच्याकडे वळली. "तवा मी काय बोललेली, ते फरीदाला ठावं व्हतं," ती म्हणाली, "पन ती म्हनाली, तुजं तूच बोल." आणि मग तिने बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी वाळूत उभे असलेले काही जण आता म्हातारे होऊन समोर बसले होते. तिने त्यांना नावानिशी गाठलं. एकही शिवी या पुरवणीत छापण्याजोगी नाही. लोक हसायला लागले, ते म्हातारेही माना खाली घालून हसायला लागले, आणि त्या हसण्यात मला एकदाचं रडू फुटलं. सगळं बोलून झाल्यावर हिराबाईने चादरीवरच्या फोटोवर हात ठेवला. "ती बाय असायला पायजे व्हती," एवढंच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. मग जुनैदकडे बघून डाफरली, "आता लाव की! बघतोस काय?"

चादर माझ्याकडे परत आली आहे. आगळाचा डाग आहे तसा ठेवला आहे. पुढची फिल्म जुनैद करतोय, तेव्हा ती घडी फार दिवस राहायची नाही.

हा लेख मी एका अटीवर दिला आहे. सोबत तो फोटो छापायचा आणि त्याखाली मी देईन तीच ओळ, अक्षर न बदलता. संपादकांनी कबूल केलंय. तरी लेखातच लिहून ठेवते, म्हणजे कुणाला हात लावता यायचा नाही:

'हिराबाई, किनाऱ्यावरच्या पुरुषांना शिव्या देताना. नवरा त्याच दिवशी सुखरूप घरी आला. छायाचित्र : फरीदा.'