तळव्यांचं पडिलेहण

"अनवाणीच जाणार!"

"जाऊन दाखवा."

"दाखवतेच. सूर्य उगवला की महासतीजी निघतील, त्यांच्यामागे मी. तू दारात उभी राहून बघ."

"दादीजी, मागच्या आठवड्यात टाचेत टाचणी घुसली, ती कळली होती तुम्हाला?"

"टाचणीचं काय एवढं! कापडाच्या दुकानात टाचण्या नसतील तर काय हत्ती असतील?"

पोछा मारता मारता बेबीबाईनं मान वर केली. "बाई, टाचनी तुम्हले नी, मले टोचनी! आख्खी ओसरीमा रगतना पावलं व्हतात. मले वाटनं, कोन्ही लक्षुमीना पावलं काढात!"

"तू तुन्हं काम कर, बेबी," उमरावबाई फणकारल्या. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, धडगावकडच्या पावरी बाया होळीचं कापड घ्यायला आल्या की त्यांच्या बोलीतले चार शब्द, आणि रागावल्या की सगळ्याची मिसळ, अशी त्यांची जीभ. शहाद्याच्या बाजारात लग्न होऊन आल्या तेव्हा मराठीतला एक शब्द येत नव्हता. भाषेआधी त्यांना कापड कळलं. सासरे थान उलगडायचे आणि ही घुंगटातली सून बोटांत कड चोळून मान हलवायची: हो, किंवा नाही. सासऱ्यांनी त्या मानेच्या भरवशावर माल उचलला आणि परतही धाडला.

आता घुंगट गेला होता, सासरे गेले होते, नवराही गेला होता. मधुमेह तेवढा मुक्कामाला होता. आणि आता झमकू आली होती.

झमकू म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मारवाडात दोघी तापल्या वाळूत एका खेजडीच्या सावलीतून दुसरीच्या सावलीत पळायच्या. झमकूच्या पायात काटा मोडला की उमराव सुई घेऊन बसायची, आणि सुई टेकायच्या आधीच झमकू गाव गोळा करायची. तिनंच पुढे जैन साध्वीची दीक्षा घेतली. झमकूची महासती शीलरेखाजी झाली आणि पायी पायी कुठल्या कुठे गेली. इतक्या वर्षांनी तिचा विहार, साध्वींचा पायी प्रवास, शहाद्यावरून होता. उद्या लोणखेडा, मग म्हसावद, मग पुढे गुजरातकडे. दोघींची वयं बघता ती पुन्हा या वाटेला येईल, असं तिनंही म्हटलं नव्हतं आणि हिनंही विचारलं नव्हतं. म्हसावदपर्यंत तिच्यासोबत चालायचं, तेही तिच्यासारखंच अनवाणी. उमरावबाईंना एवढंच हवं होतं.

आणि नात आडवी आली होती. एकता फिजिओथेरपी शिकून नुकतीच घरी आली होती. हट्टाच्या बाबतीत ती आजीवरच गेली होती.

"मला स्पर्श कळत नाही म्हणतेस?" उमरावबाईंनी पदर डोळ्यांवर बांधला. "बेबी, आण कापडं. कुठलंही दे."

बेबीबाईला असले खेळ आवडायचे. तिनं हात पुसले आणि एकेक तुकडा पुढे केला.

"पॉपलीन. हे मलमल. हे... थांब." बोटं कडेवर घोटाळली. "ही खादी नाही. टेरिकॉट मिसळलंय. परत धाडा हे. दे टाळ्या!"

बेबीबाईनं खरंच दिल्या.

"बोटं शाबूत आहेत, मी कुठे नाही म्हणते?" एकता म्हणाली. "पट्टी राहू द्या. आता माझा खेळ."

दुकानात मण्यांच्या माळा ओवायला तंगूस, नायलॉनचा ताठ दोरा, असायचा. त्याचा तुकडा घेऊन ती आजीच्या पायांशी बसली. "तंगूस वाकेपर्यंत टेकवणार. लागलं की हां म्हणायचं."

आधी हातावर. "हां." मनगटावर. "हां, हां." गुडघ्याखाली. "हां." मग अंगठा, तळवा, टाच. उमरावबाई गप्प. पुन्हा अंगठा. गप्प.

आपण फार वेळ गप्प आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "हां!" त्या ठणकावून म्हणाल्या.

बेबीबाईनं सांगून टाकलं. "बाई, पोरीनी हात लायाच नी!"

उमरावबाईंनी पदर सोडला. तंगूस एकताच्या मांडीवर होता.

"मी खोटं नाही बोलले," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटलं, लागलं."

"माहीत आहे."

"आणि पाय मेलेत म्हणतेस, तर रात्री मुंग्या कशा येतात? निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात ते काय?"

एकतानं शिलाईच्या कपाटातून दोन रिळं आणली. एक जाड, मेण लावलेला दोरा. एक बारीक, उघडा. दोन्हींची टोकं आजीच्या अंगठ्यापाशी धरली आणि दोरे पार कमरेपर्यंत ताणले.

"कातडीत असंख्य टोकं आहेत, दादीजी. काही दाब ओळखतात, काही थरथर, काही गरम, काही गार, काही फक्त इजा. ज्याचं त्याचं काम. टोकाला काही लागलं की खबर दोऱ्यावरून निघते, पाठीच्या कण्यात शिरते आणि तिथून मेंदूत. जाड दोऱ्यावर वेष्टण असतं, त्यावरून खबर धावत जाते. बारीक उघड्यावरून रमत गमत. ठेच लागली की आधी नुसतं कळतं, लागलं. आणि कळ मागून येते. आठवतं?"

"आठवतं," उमरावबाई म्हणाल्या. "दोन क्षण वाट बघायची, मग आई आठवायची."

"तेच. साखरेनं हे दोरे कुरतडलेत. सगळ्यात लांब दोरा पायाच्या बोटांचा, म्हणून तो आधी. हाताचा आखूड, तो अजून टिकलाय. आणि कुरतडलेला दोरा मधेच आपल्या मनानं ठिणग्या टाकतो, त्याच तुमच्या मुंग्या. टोकाला मात्र काही लागलेलंच नसतं."

उमरावबाईंनी दोरे हातानं बाजूला केले. "लागेल, रक्त येईल. येऊ दे. महासतीजींच्या पायांना नाही का भेगा? सहन करीन."

"सहन करायला आधी कळावं लागतं!" एकताचा आवाज चढला. मग ती थांबली. "मी हे बोलणार नव्हते. त्या दिवशी टाचणी काढली तेव्हा टाच धुतली मी. टाचेला एक मुंगळा चिकटला होता. चिरडलेला."

पोछा थांबला.

"पाठशाळेत तुम्हीच शिकवलंत आम्हाला," एकता म्हणाली. "माती, पाणी, झाड, सगळे एकेंद्रिय जीव. इंद्रिय एकच, पण कोणतं? आम्ही सगळी ओरडायचो, स्पर्श! झाडालाही तेवढं असतं. तुमच्या तळव्यांना आज तेही नाही. त्यांच्याखाली कोण आलं, कोण गेलं, कसं कळणार?"

उमरावबाईंनी इतक्या वर्षांत न बघता पाणी प्यायलं नव्हतं, न बघता पदर झटकला नव्हता. सकाळ-संध्याकाळ कपडे, आसन, जीव हळूच बाजूला सारायची लोकरीची पूंजणी, सगळं उलटंपालटं करून त्या बघायच्या, कुठे जीव तर नाही. पडिलेहण म्हणायच्या त्याला. कधी चुकलं नव्हतं.

"आरसा आण," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"गिऱ्हाइकांना दाखवतो तो. धर इथे, पायाखाली."

एकतानं आरसा धरला. उमरावबाईंनी डावा तळवा बघितला, मग उजवा. बोटं फाकवून मधल्या बेचक्या बघितल्या. टाचणीची जागा आता भरून आली होती. अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघावं तशा त्या बराच वेळ बघत राहिल्या. रोज सगळं बघत आल्या होत्या, एवढंच राहिलं होतं.

"उद्यापासून हेही," त्या स्वतःशी म्हणाल्या. "दोन्ही वेळा." मग वर बघितलं. "पण जाणार म्हणजे जाणार. झमकू एकटी नाही जाणार."

सकाळी ऊन ओसरीवर उतरलं तेव्हा त्या तयार होत्या. आरसा भिंतीला टेकवलेला होता. एकतानं कापडी बूट आणून ठेवले होते, मऊ, कातड्याचा अंशही नसलेले. पंधरा दिवस ते खोक्यातच पडून होते.

उमरावबाईंनी एक बूट उचलला, उलटा करून हलकेच झटकला, पूंजणी आतून फिरवली. मग हात घातला. कापडाला नाही म्हणणारी ती बोटं पार पुढच्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. बाहेर आला तो कागदाचा घट्ट बोळा, दुकानातून तसाच आलेला. एकतानं जीभ चावली. आजीनं बोळा तिच्या तळहातावर ठेवला आणि दुसऱ्या बुटात हात घातला.

"बाई, तुम्ही तं परीक्षा लेवाले बसन्यात!" बेबीबाई हसली.

बाहेर गलका झाला. पांढरी वस्त्रं कोपऱ्यावरून वळत होती. पुढच्या महासतीजी, म्हणजे झमकूच, खाली बघत, पावलापुढची जमीन न्याहाळत चालल्या होत्या. उमरावबाईंनी बुटांच्या नाड्या बांधल्या आणि उठल्या.

"दादीजी, लोणखेड्यापर्यंतच पायी," एकता घाईनं म्हणाली. "तिथे बूट काढून तळवे बघायचे. पुढे म्हसावदला जीपनं. मी घेऊन येते. कबूल?"

उमरावबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला.

"दादीजी, लोणखेड्यापर्यंतच. कबूल ना?"

नजर जमिनीवर ठेवून, प्रत्येक पावलाची जागा आधी डोळ्यांनी बघत, त्या पायऱ्या उतरून निघून गेल्या.