गोदूची सही

खांदा कॉलनीतील ज्या इमारतीच्या तळमजल्यावर शनिवारचा चित्रवर्ग भरत असे, ती आता पाडली गेली आहे. तिच्या जागी उंच मनोरा उठतो आहे. वर्गासाठी नव्या इमारतीत जागा मागायला कोणी गेले नाही, कारण वर्ग घेणाऱ्या शशिकलाबाई तोवर पुण्याला लेकीकडे राहायला गेल्या होत्या आणि त्यांच्याशिवाय वर्ग ही कल्पना आम्हा कोणालाच सुचली नाही. शनिवारी सकाळी माझा धाकटा भाऊ प्रभाकर अजूनही धुतलेला सदरा घालून तयार होतो. मग आज वर्ग नाही हे त्याला आठवते आणि तो खिडकीत बसतो.

अपंग प्रौढांसाठीचा तो वर्ग होता. अशा माणसांसाठी असलेला शासकीय शब्द आमच्या डोळ्यांदेखत बदलत गेला. बोलण्यातला शब्द मात्र एकच राहिला : मुलं. प्रभाकरचे केस पांढरे झाले होते. वर्गातली गोदू चाळिशी केव्हाच ओलांडून गेली होती. तरी वार्षिक प्रदर्शनाला येणारा प्रत्येक पाहुणा ‘या मुलांची कला’ याच विषयावर बोले. ज्याला समाज मूल म्हणतो, त्याच्यावर तो प्रेम करू शकतो, पण त्याचे म्हणणे मानण्याची जबाबदारी समाजावर राहत नाही. शशिकलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकला शिक्षिका. त्यांनी या शब्दाविरुद्ध कधी भाषण केले नाही. त्यांनी फक्त सहीचा नियम केला.

नियम साधा होता. चित्र पूर्ण झाले की ज्याने काढले त्याने खाली कोपऱ्यात स्वतःच्या हाताने नाव लिहायचे. “सही झाली की चित्र तुमचं,” बाई म्हणत. “मग मीसुद्धा त्याला हात लावणार नाही. चुकलं असलं तरी.” कोणाचा हात धरून चित्र काढून द्यायचे नाही आणि सहीसाठी तर मुळीच नाही.

गोदूला या नियमाने वर्षभर थांबवून ठेवले. ती पनवेलच्या खाडीकाठच्या एका गावातली. आई मिठागरात काम करायची. लहानपणी आलेल्या तापात गोदूचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे जड झाले. शाळेत तिला कोणी घातले नाही. पुढे जमिनी गेल्या, मोबदला आला, भावाने जुन्या घराच्या जागी तीन मजले चढवले आणि भाडेकरू ठेवले. त्या घरात अंगण झाडणे आणि भावाची मुलगी अंकिता हिला सांभाळणे ही गोदूची कामे होती. अंकिता मोठी झाली, नोकरीला लागली आणि शनिवारी आत्याला स्कूटरवर मागे बसवून वर्गाला आणू लागली. गोदूची चित्रे भराभर होत, पण सही नसल्यामुळे ती बाईंच्या कपाटात ‘अपुरी’ म्हणून पडून राहत. दोनच अक्षरे, पण ‘गो’चा काना डाव्या हाताच्या ताब्यात राहत नसे आणि दूर जाऊन पडे. ज्या दिवशी तो जागेवर उभा राहिला, त्या दिवशी कपाट उघडले गेले आणि गोदू साऱ्या चित्रांवर सह्या करत दुपारपर्यंत बसली.

त्या खोलीचा वास मला अजून आठवतो : पोस्टर रंगांचा, ओल्या सतरंजीचा, आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतल्या गढूळ पाण्याचा. प्रभाकर फक्त एसटी काढी, पळस्प्याच्या फाट्यावर उभी असलेली, आणि तिच्यात कधी कोणी बसलेले नसे.

“परभाकरदादा, तुजी गाडी आजपन रिकामी,” गोदू शेजारून म्हणे.

“लोक उतरले. पनवेल आलं,” प्रभाकर उत्तर देई.

“मंग ड्रायवर?”

“चहाला गेला.”

दर शनिवारी हाच संवाद, आणि दर शनिवारी दोघांना तितकेच हसू येई.

गोदू काढी ते चौक. त्यांच्याकडे लग्नात हळदीच्या आधी मांडवात तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यावर पाट ठेवतात आणि नवरीला बसवतात. गावातल्या प्रत्येक लग्नात तो गोदूने उंबऱ्यावर उभी राहून पाहिला होता. कधी काढला नव्हता. चौक सवाष्णीने काढायचा आणि उजव्या हाताने, अशी त्यांची रीत. गोदूचे लग्न झालेले नव्हते, आणि हात डावा. कागदावर मात्र तिला कोणी अडवले नाही. पांढरा रंग तिच्याइतका कोणी संपवत नसे.

अंकिताचे लग्न ठरले तेव्हा गोदूने वर्गात सांगून टाकले, “अंकीचा चौक मी काढनार.” त्यानंतर ती एसटीबद्दल विचारायचीही थांबली. शनिवारमागून शनिवार ती एकच चौक पुन्हा पुन्हा काढत राहिली. आपले हसणे कमी का झाले हे प्रभाकरला कळेना.

पुढचे आम्हाला अंकिताने सांगितले. तिची आई निशा स्वभावाने कठोर नव्हती. नणंदेला तिने कधी उपाशी ठेवले नाही की दूर लोटले नाही. ती एवढेच म्हणाली, “ताय, कागदावर ठीक हाय. मांडवात नको. पोरीच्या जल्माचा सवाल हाय.” हे भय खरे होते आणि त्याला मायेपासून वेगळे काढणे सोपे नव्हते. गावातल्या नव्या सुनांना चौक येत नव्हता, म्हणून निशाने डेकोरेटरला सांगितले. हळदीच्या आदल्या दिवशी त्याचा माणूस पत्र्याचा छापा घेऊन आला. मांडवात रंभा बसली होती. ही गावची धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी ज्यांच्याशिवाय पुढे सरकत नाहीत ते धवले गाणारी बाई. तिने त्या माणसाकडे, मग छाप्याकडे पाहिले.

“निशे, यो बाप्या कनच्या गावची सवाष्ण?”

बायका हसल्या. डेकोरेटरचा माणूसही हसला आणि छापा काखेत घेऊन चहा प्यायला गेला. त्यानंतर गोदूला नाही म्हणणे निशाला अवघड झाले.

हळदीला वर्गातल्या सर्वांना बोलावणे होते. आम्ही पोचलो तेव्हा गोदू मांडवात गुडघ्यांवर बसून रेषा सोडत होती. लुळा हात तिने पदरात बांधून घेतला होता. डाव्या हाताच्या चिमटीतून पीठ सुटत होते, थांबत होते, पुन्हा सुटत होते. कडेला उभ्या असलेल्या बायका आधी कुजबुजत होत्या, मग वाकून पाहू लागल्या. चौक पुरा झाला. रंभाने गाण्यासाठी घसा खाकरला. आणि गोदू उठण्याऐवजी सरकत खालच्या कोपऱ्याशी गेली आणि तिने तिथे पिठाने लिहिले : गोदू.

चौकावर कोणी नाव लिहीत नाही. चौक घराचा असतो, काढणारीचा नसतो. वर्गाची शिस्त आणि मांडवाची रीत अशी समोरासमोर येईल हे शशिकलाबाईंच्याही ध्यानात आले नव्हते. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या.

निशा ओला फडका घेऊन पुढे आली. “ताय, नाव पूस. अंकीचा पाय लागंल. आत्याच्या नावावर पाय म्हंजे पाप ना?”

“सही हाय,” गोदू म्हणाली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. “सही पुसत नाय.”

“अगो, आपल्यात अशी रीत नाय.”

“मंग चौक माजा नाय.”

कोणीतरी रंभाला विचारले. ती म्हणाली, “मना काय वाचाया येतंय? मना तं चौकच दिसतो,” आणि तिने धवला सुरू केला. गाणे सुरू झाल्यावर थांबवता येत नाही. निशा हातातला ओला फडका घेऊन तशीच उभी राहिली.

अंकिता दारातून आली. पिवळ्या साडीचा घोळ सावरत तिने खाली पाहिले, नाव वाचले, आणि पाट उचलून एका बाजूला सरकवला, आपली पावले नावापासून दूर पडतील इतका. तिथे ती बसली.

“मॅडम, पाट सेंटरला घ्या,” फोटोवाला म्हणाला. “फ्रेम वाकडी येतेय.”

“येऊ दे. तिथं आत्याची सही हाय.”

गोदू खांबाला टेकून बसली. तिच्या केसांत पीठ होते. प्रभाकर तिच्याजवळ जाऊन बसला. बायका एकेक करून हळद लावायला पुढे येऊ लागल्या. निशा अजून तिथेच, पाटाच्या बाजूला उभी होती. फडका तिने कमरेला खोचला होता. पहिली बाई पाटाजवळ वाकली तेव्हा निशाने तिचा दंड धरला.

“बगून पाय टाक,” ती म्हणाली, “तिकडं नाव हाय.” मग पुढच्या बाईला, आणि तिच्या पुढच्या बाईलाही, हळद संपेपर्यंत.